नाक द्या जरा, बाई

सकाळी शाळेला निघावं, निऱ्या कशाबशा नीट बसलेल्या, पर्स खांद्याला, उशीर ठरलेलाच, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर काका काचेची बरणी घेऊन उभे. बरणीत शेंगदाण्याचा कूट. झाकण उघडून हातात.

"बाई, नाक द्या जरा."

नाक द्यायचं म्हणजे वास घेऊन सांगायचं. सुरतेला बमरोलीतल्या त्या घराचा वरचा मजला मी भाड्यानं घेतला तेव्हा पाण्याची वेळ, गॅस कुठून आणायचा, रात्री फाटक कोण लावतं, हे सगळं काकूंनी सांगितलं होतं. माझं नाक घरमालकाच्या सेवेत राहील हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बरं, नुसतं "ठीक आहे" म्हणून पाय काढता घ्यायची सोय नाही. काका पायरी अडवून विचारणार, "फिका खवट की मध्यम खवट?" मी एकदा वैतागून "गडद" म्हणाले, तर त्यांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांच्या पदरात कुणी नारळ घातला. कारण ती बिनतेलाची बरणी होती. दुसऱ्या बरणीत त्यांनी मारव्याच्या तेलाचा थेंब टाकला होता आणि तिला मी "अजून पांढरा" म्हटलं होतं. वासाला पांढरा, फिका, गडद म्हणायची सवय मलाही लागली. शाळेत एका मुलीच्या डब्याला मी "मध्यम खवट" म्हणाले तेव्हा माझी मलाच काळजी वाटली.

काका पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर होते. व्यापाऱ्यानं चिंधी दाखवायची आणि यांनी टाकीत तोच रंग उतरवून द्यायचा, यात हयात गेली. मिलच्या वाफांनी हळूहळू त्यांचं नाक गेलं. पुरतं गेलं. जळकं, कुजकं, सुगंधी, कशाचाच पत्ता नाही. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. "मिलीनं नाक घेतलं, डोळे सोडले. सोबतच्या किती लोकांचं उलटं झालं," असं ते सहज सांगायचे. डोळे मात्र असे की समोरच्याला नकोसे व्हावेत. मी हौसेनं नवी साडी नेसून खाली उतरले तर म्हणायचे, "साडी छान आहे बाई, पण ही दिवाळी बघणार नाही." आणि तिचा रंग दिवाळीच्या आधीच उतरायचा. असल्या माणसासमोर नवीन कपडे घालण्यात काय राम?

तर अशा बिननाकाच्या माणसाला निवृत्तीनंतर सुगंधी झाडपाल्याच्या तेलांचा नाद लागला. त्यांच्या ओळखीचे एक कॉलेजातले रसायनाचे प्राध्यापक होते. त्यांनी गप्पांत सांगितलं की ओवा, लवंग, मारवा, सब्जा यांच्या तेलांत एक गुण असतो, हवेमुळे होणारी खराबी ती तेलं लांबवतात. आणि हा गुण तपासायला एक जांभळं पाणी असतं, तेल जोरकस असेल तर जांभळ्याचं पिवळं होतं. बस. पुढचं काकांनी ऐकलंच नसावं. आयुष्यभर कापडावर रंग चढवलेल्या माणसाला कुणीतरी रंग उतरवायचा खेळ दिला होता.

मला त्यांनी हे सगळं जिन्यातच समजावलं. तेल, तूप, दाणे खवट का होतात? हवेतला प्राणवायू त्यांना लागतो म्हणून. मग सुगंधी तेल काय करतं? "बाई, लग्नात एखादा पाहुणा रुसतो की नाही? आता हा मांडवात गेला तर सगळ्यांना भडकवणार. अशा वेळी घरातला एक समजूतदार माणूस त्याला कोपऱ्यात घेऊन बसतो. चहा देतो, ऐकून घेतो. त्या माणसाचं जेवण राहतं, अक्षता राहतात. पण लग्न पार पडतं. ओव्याचं तेल म्हणजे तो माणूस." मी मराठीची शिक्षिका, रसायनाशी माझं दहावीत वाकडं झालं ते कायमचं. पण हे मला पटकन कळलं आणि अजून विसरलेले नाही.

गच्चीवर त्यांचा कारखाना होता. जुना प्रेशर कुकर, त्याची शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी, नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवलेली आणि शेवटी तोंड एका काचेच्या नळकांड्यात. कुकरात पाला आणि पाणी. वाफ निघायची, बादलीत निवायची, थेंबथेंब पडायची. वर तेलाचा तरंग, खाली पाणी. टोपलंभर फुदिना उकळावा तेव्हा औषधाच्या ड्रॉपरमध्ये जेमतेम दिसेल इतकं तेल. त्यामुळे काका बाजारातून पाला आणायचे तो पोत्यानं. सुरतेच्या बाजारात फुदिना आणि लीली चा, म्हणजे आपला गवती चहा, यांना तोटा नाही. इथला माणूस चहात अर्धी बाग टाकतो. काका संध्याकाळी दुकानं आवरताना जायचे आणि कोमेजलेल्या सगळ्या जुड्या उचलायचे. एक भाजीवाली त्यांना रोज विचारायची, "काका, घेर बकरी राखी छे के शुं?" काका गंभीरपणे सांगायचे, "बकरी नथी बेन, कुकर छे." ती बिचारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची.

खरा सोहळा रविवारी. जांभळी पूड त्यांनी त्या प्राध्यापकांकडून थोडीशी मिळवली होती आणि चांदीच्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये इडलीच्या पिठामागे दडवली होती. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची, छोट्या बाटल्या भरायच्या आणि एकेका बाटलीत एकेक तेल सोडायचं. मग आम्ही बघत बसायचं. लवंगेच्या तेलानं क्षणात पिवळं. ओव्याच्या तेलानंही. "लागला शेड! लागला!" असं, मिलमध्ये रंग जुळल्यावर ओरडावं तसं, काका ओरडायचे ते खालच्या गल्लीत ऐकू जायचं. फुदिना रेंगाळायचा. लीली चा तर ढिम्म. जांभळं ते जांभळंच. इतका वास, इतका डौल, आणि कामात शून्य. काका त्या बाटलीकडे अशा दुःखानं बघायचे, जशी मी उत्तरपत्रिकांवरच्या काही नावांकडे बघते. "जरा थांबू. बिचारीला वेळ लागत असेल."

मध्यंतरी त्यांनी लोखंडी फाटकालाही ओव्याचं तेल चोपडलं. गंजही हवेमुळेच चढतो ना, मग? फाटकाला गंज यायचा तो आलाच, वर वासही आला. दुधवाला आठवडाभर नाक चोळत होता. प्रयोग फसला असं काका कधी म्हणायचे नाहीत. "लॉट गेला," मिलच्या भाषेत म्हणायचे आणि पुढच्याला लागायचे.

या सगळ्याला काकूंचा विरोध नव्हता, त्यांचं लक्षच नव्हतं. काकू अमळनेरकडच्या, आणि स्वयंपाक हे त्यांचं राज्य. शेवभाजी करावी काकूंनीच. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, खापरावरची पुरणपोळी. त्यांची फोडणी पडली की समोरच्या घरातल्या बायका खिडकीत यायच्या. काकू काही मोजत नसत, चाखतही नसत. नाकावर सगळं. कढईकडे पाठ करून भाजी निवडत असतील आणि मधेच म्हणतील, "जिरं झालं." उठून बघावं तर झालेलं. घरात एक नुसत्या डोळ्यांचा आणि एक नुसत्या नाकाची, असा तो संसार होता.

तो बिघडला लेकीच्या लग्नात.

लग्न मे महिन्यात, गावाला. वरपक्षाला द्यायचे बेसनाचे लाडू काकूंनी सुरतेलाच करायला घेतले. गल्लीतल्या बायका जमल्या, साजूक तुपात बेसन भाजलं, घमघमाट माझ्या वरच्या खोलीपर्यंत. काकांच्या डोक्यात मात्र दुसरंच. मे महिना, तूप, गाडीत डबे, तिकडे मांडवात उन्हाची झळ. तूप खवट झालं तर लेकीला सासरी कायमचं ऐकावं लागेल. लेकीची काळजी हो, दुसरं काय. बायका पांगल्या, काकू आंघोळीला गेल्या आणि यांनी निवत ठेवलेल्या बेसनात ओव्याचं तेल घातलं. आता किती घालावं हे नाक असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. काकांनी ते ठरवलं जांभळ्या पाण्यावर. जितकं घातलं की बाटली लगेच पिवळी होते, त्या हिशेबानं. वर चमचाभर जास्त, लेकीचं लग्न म्हणून. मी तोवर पेपर तपासायला शाळेत गेले होते. नाक मागायला समोर कुणी नव्हतं, आणि मागायचं त्यांना सुचलंही नसतं.

आंघोळ करून आलेल्या काकूंना बेसनाजवळ ओव्याचा वास आला, पण गच्चीवर सकाळपासून ओवाच उकळत होता. घरभर तोच वास. त्यांनी लाडू वळले. गावाला जाऊन डबे उघडले तेव्हा मी तिथे होते. नवऱ्या मुलाच्या आत्यानं पहिला लाडू फोडला, तोंडात टाकला आणि तिचे डोळे भरून आले. मायेनं नव्हे. "यात डोकेदुखीचा बाम पडला का काय?" ती म्हणाली. मांडवभर लाडू फिरला. जो तो हुंगायचा आणि पुढच्याला द्यायचा. फक्त मुलाच्या आजोबांनी दोन लाडू खाल्ले, थोड्या वेळानं मोठा ढेकर दिला आणि पोट मोकळं झालं म्हणून तिसरा मागितला. काका मला हळूच म्हणाले, "बघा, म्हाताऱ्याला पटलं." काकूंनी ते ऐकलं.

सुरतेला परतल्यावर काकूंनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एकच वाक्य ऐकवलं. "आते मना सयपाकघरमा पाय ठेवाना नही." बस. भांडण नाही, रडणं नाही. त्यानंतर काकांना पाणीसुद्धा बाहेर मिळायचं. चहा हवा तर दारातून हाक मारायची. जांभळी पूड फ्रिजसकट स्वयंपाकघरात अडकली, ती त्यांनी माझ्याकरवी सोडवून घेतली. लाडवांवरून लेकीला सासरी काही कुणी बोललं नाही, उलट आजोबा मरेपर्यंत त्या लाडवांची आठवण काढत राहिले. पण काकूंचा राग लेकीच्या सासरच्यांवर नव्हताच. त्यांच्या हातच्या पदार्थाला सगळ्यांसमोर बाम म्हटलं गेलं होतं. ते त्या विसरायला तयार नव्हत्या आणि मला विचाराल तर का विसराव्यात?

काही वर्षं अशीच गेली. काका गच्चीवर, काकू खाली, आणि मी जिन्यात बरण्या हुंगत.

मग ती वास घालवणारी तापाची साथ आली. घरात तिघांनाही ताप येऊन गेला. माझं नाक महिन्याभरात परत आलं. काकूंचं आलं नाही.

सुरुवातीला त्या कुणाला बोलल्याच नाहीत. दूध उतू जायला लागलं. फोडणी करपायला लागली. एके दिवशी त्यांनी मला वाटीभर शेंगदाण्याची चटणी वर पाठवायच्या ऐवजी स्वतः आणून दिली आणि समोर बसल्या. मी घास घेतला. चटणी खवट होती, काकांच्या भाषेत गडद. माझं तोंड वाकडं व्हायचं ते झालंच. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी वाटी उचलली आणि म्हणाल्या, "मनं नाक गयं बाई. नाक गयं तं हात बी गया."

दुसऱ्या दिवसापासून चूल बंद. बाहेरून डबा सुरू झाला, त्यातली डाळ गोड. काकू डबा उघडायच्या, वाढायच्या आणि स्वतः भाकरीचा तुकडा मोडून उठायच्या. शेवभाजी नाही, भरीत नाही. शेजारणी विचारायच्या, तर "आते होत नही" म्हणून दार लोटून घ्यायच्या. मला ते बघवत नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यात दुसऱ्याच्या हातचा चहासुद्धा नाक मुरडून घेतला, ती दुपारभर स्वच्छ ओट्याकडे बघत बसायची. तिला वाटत होतं, आपण आता या घरात कुणी नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, रोज तीव्र वास घेत जा, नाकाला सवय लागू द्या. हे ऐकून काकांचं धाबं दणाणलं. तीव्र वास तर गच्चीवर रांगेनं भरून ठेवले होते, पण ते खाली कसे न्यायचे? शेवटी एका सकाळी ते बाटल्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत पाय न ठेवता. काकू बाहेर येऊन जिन्यावर बसल्या. लवंग, ओवा, मारवा, लीली चा, एकेक बाटली.

"पाणी शे," काकू प्रत्येकीला म्हणाल्या. "बठ्ठं पाणी."

असं रोज चाललं. रोज सगळंच पाणी. एकदा शेवटची बाटली बाजूला सारून काकूंनी त्यांना विचारलं, आणि मला वाटतं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "तुम्ही कशी काढली हो इतकी वरसं?"

काका गडबडले. त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नसावा. मग सांगायला लागले. दूध उतू जाण्याआधी त्याचा आवाज बसतो. कांदा आधी पांढरा, मग काचेसारखा, मग गुलाबी, मग गव्हाळ, गव्हाळवर थांबायचं. मोहरी तडतडायची थांबली की जिरं टाकायचं, जिऱ्याच्या कडा विटकरी झाल्या की हिंग. "मी दारातून बघायचो ना तुला. रोज बघायचो."

काकू उठून आत गेल्या. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला. मग हाक आली, "या इकडे. देखा रंग."

त्या दिवशी काका त्या उंबऱ्याच्या आत गेले तेव्हा त्यांनी चप्पल तर काढलीच, हातही धुतले, देवळात जावं तसे. कढईवर वाकून उभे राहिले, आणि मिलमधला कलर मास्टर जागा झाला. "थांब. थांब. एक शेड अजून. आता टाक!" शेवभाजी झाली. पहिल्या दिवशी अळणी झाली, कारण मिठाला रंग नसतो, पण झाली. काकूंनी मला वर वाटी दिली तेव्हा त्यांचा पदर तेलाचा झाला होता आणि त्या पूर्वीसारख्या घाईत होत्या.

काही दिवसांनी त्यांनी शेंगदाण्याच्या कुटाची बरणी काकांसमोर ठेवली. "खवट झालं तरी माले समजाव नही. घाला तुमनं ते तेल. पण बाईले विचारी घाला." काकांनी मला हाक मारली. काडीचं टोक तेलात बुडवून त्यांनी कुटात फिरवलं, माझ्यापुढे बरणी धरली. ओवा कळत होता. त्यांनी निम्मा कूट काढला, नवा घातला, पुन्हा धरली. अजून कळत होता. असं करत करत जेव्हा मला दाण्याशिवाय काहीच वास येईना, तेव्हा काकांनी झाकण लावलं. लाडवांच्या वेळी एवढंच करायचं राहिलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी सुट्टीवर गावी निघाले होते, किल्ली द्यायला खाली गेले. काका कढईवर वाकलेले, काकू पाठ करून मेथी निवडत बसलेल्या. मोहरी तडतडत होती. काका म्हणाले, "होऊ दे, रंग यायचाय अजून."

काकू मान न वळवता म्हणाल्या, "जळी राह्यनी."

"नाही, रंग तर..." काका थांबले. मीही किल्ली हातात धरून तशीच उभी. काकूंच्या हातातली मेथीची काडी तिथेच राहिली. त्यांनी पुन्हा एकदा श्वास घेतला, हळूच, घाबरत, आणि मान डोलावली. वास येत होता. जळक्या मोहरीचा का होईना, पण येत होता. गॅस बंद करायचं भान कुणालाच नव्हतं. फोडणी काळी झाली, घरात धूर झाला, काकूंना त्या धुराचा ठसका लागला आणि त्या ठसकत ठसकत हसायला लागल्या. मला रडू आलं, मी ते लपवलंही नाही.

काकांनी गॅस बंद केला. चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या कुठल्याच पिवळ्या बाटलीपुढे पाहिला नव्हता. मग त्यांनी उलथनं ओट्यावर ठेवलं, हात पुसले, आणि गुपचूप दाराकडे निघाले. ज्याचं काम संपलं तो माणूस जसा निघतो तसे. उंबऱ्यापर्यंत गेले होते.

"कोठे चालनात?" काकू म्हणाल्या.

काका वळले.

"मी वास देखसू. रंग कोन देखी?"

काकांनी उलथनं पुन्हा उचललं. काकूंनी दुसरी कढई ठेवली.